राक्षस पुठ्ठ्याचा, चेहरे गंभीर: जुन्या स्वस्त विज्ञान-भयपटांवरचा विडंबनपट कसा करावा

गोरिलाचा केसाळ पोशाख, त्यावर पाणबुड्यासारखं हेल्मेट आणि हेल्मेटवर अँटेना. १९५३ सालच्या ‘रोबॉट मॉन्स्टर’मध्ये मानवजातीचा संहार करायला आलेला परग्रहवासी तो हाच. दिग्दर्शक फिल टकरकडे धड यंत्रमानव बनवण्याएवढे पैसे नव्हते. जॉर्ज बॅरोज या नटाकडे मात्र स्वतःच्या मालकीचा गोरिलाचा पोशाख होता. मग काय, यंत्रमानवाला केस आले. चार दिवसांत चित्रीकरण उरकलं. संहारकाच्या गुहेत साबणाचे फुगे सोडणारं एक यंत्र ठेवलं होतं, आणि श्रेयनामावलीत त्या यंत्राला मानाने जागाही मिळाली.

यावर हसायला काही लागत नाही. यावर विनोदी सिनेमा करायला मात्र बरंच लागतं. अशी विडंबनं हौशी मंडळी हौसेने करतात आणि त्यातली बरीचशी दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला धापा टाकू लागतात, कारण चुकांची नक्कल होते आणि त्या चुका झाल्या कशा याकडे कुणी बघत नाही. टकरने गोरिला घेतला तो गंमत म्हणून नव्हे. ‘चालून जाईल’ असं त्याला मनापासून वाटलं होतं. ते ‘चालून जाईल’ पकडायचं आहे. केशवकुमारांनी रविकिरण मंडळाच्या कवींची टर उडवली ती त्यांच्याच वृत्तांत, त्यांच्याच शब्दकळेत. मूळ कविता हाताखालून गेल्याशिवाय ते जमत नाही. इथेही तोच हिशेब.

पुढचं सगळं आठ-दहा मिनिटांच्या कृष्णधवल फिल्मसाठी आहे. एक फोन, एक ट्रायपॉड, पाच-सहा जण आणि दोन शनिवार-रविवार हाताशी आहेत असं धरलं आहे.

पायरी १: आधी बघा, आणि वही घेऊन बघा

मूळ माल आधी, विडंबन नंतर. उलट केलंत तर विडंबनाचं विडंबन होतं.

मूळ मालात तीन पुरेत. पहिला ‘रोबॉट मॉन्स्टर’. दुसरा १९५७चा ‘द जायंट क्लॉ’. यातला पक्षी लढाऊ जहाजाएवढा, प्रतिपदार्थाच्या विश्वातून आलेला, रडारवर न दिसणारा. आणि पडद्यावर येतो तेव्हा मान वाकडी, डोळे बटबटीत, डोक्यावर विस्कटलेला तुरा. दोऱ्यांवरची ही बाहुली नटांनी चित्रीकरणात पाहिलीच नव्हती. नायक जेफ मॉरोला ती पहिल्यांदा दिसली थेट थिएटरात, प्रेक्षक खदखदून हसत असताना. म्हणून त्याचा अभिनय नीट बघा: रिकाम्या आकाशाकडे बघून माणूस जीव तोडून घाबरतोय. तिसरा एड वुडचा ‘प्लॅन नाईन फ्रॉम आउटर स्पेस’. त्यातला नट बेला लुगोसी १९५६ च्या ऑगस्टमध्ये वारला तेव्हा वुडकडे त्याची जेमतेम काही मिनिटांची फीत होती. उरलेल्या प्रसंगांत टॉम मेसन नावाचा कायरोप्रॅक्टर (मणक्यांवर उपचार करणारा) नाकापर्यंत झगा धरून फिरतो. उंची वेगळी, चेहरेपट्टी वेगळी, पण झगा तोच.

वहीत दोन रकाने आखा. डावीकडे ‘काय कमी पडलं’, उजवीकडे ‘मग काय केलं’. पैसे नाहीत, म्हणून गोरिला. नट नाही, म्हणून झगा. टोळधाडीचा महागडा देखावा परवडत नाही, म्हणून ‘बिगिनिंग ऑफ द एंड’मध्ये बर्ट गॉर्डनने शिकागोच्या इमारतींच्या छायाचित्रांवर खरेखुरे नाकतोडे सोडले. ‘द किलर श्रूज’मध्ये राक्षसी चिचुंदऱ्या हव्या होत्या, तर कुत्र्यांना केसाळ पांघरुणं चढवली. ‘टीनएजर्स फ्रॉम आउटर स्पेस’मध्ये किरणांनी माणसाचा सांगाडा होतो, सांगाडा मात्र एकच, बळी कुणीही असो. रकाने भरत गेले की तुमच्या लक्षात येईल की यातला एकही माणूस वेडा नव्हता. प्रत्येकाने आपल्या परीने डोकं चालवलं होतं.

थोडी पार्श्वभूमीही लागेल. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बड्या स्टुडिओंची थिएटरवरची पकड सोडवली. स्टुडिओंनी स्वस्त जोड-चित्रपट कमी केले, टीव्हीने घरचा प्रेक्षक नेला, आणि गाडीत बसून सिनेमा बघायच्या ड्राइव्ह-इन मैदानांवर तरुण पोरं उरली. त्यांना डबल-बिलासाठी, म्हणजे एका तिकिटातल्या दोन सिनेमांसाठी, तासा-सव्वातासाचा माल हवा होता. भोवती अणुचाचण्या आणि उडत्या तबकड्यांच्या बातम्या होत्याच. मागणी मोठी, थैली लहान.

आता विडंबनं. लॅरी ब्लॅमायरचा २००१चा ‘द लॉस्ट स्केलेटन ऑफ कॅडाव्रा’ मी या प्रकारातला सर्वोत्तम मानतो. दुर्मिळ मूलद्रव्य असलेल्या अशनीच्या मागे लागलेला शास्त्रज्ञ आणि त्याची बायको, सांगाडा जिवंत करू पाहणारा दुसरा दुष्ट शास्त्रज्ञ, यान बिघडलेलं परग्रहवासी जोडपं, त्यांचा सुटलेला राक्षस. सगळे नग एकाच केबिनमध्ये जमतात आणि कुणीही, अगदी कुणीही, आपण विनोदी सिनेमात आहोत असं दाखवत नाही. त्याशेजारी १९७८चा ‘अटॅक ऑफ द किलर टोमॅटोज’ ठेवा. तो सतत कोपर मारत असतो, ‘बघा, आम्ही किती वाईट सिनेमा काढलाय’. त्यातला हेलिकॉप्टर कोसळण्याचा प्रसंग मात्र सगळ्यांत जिवंत आहे, कारण तो खरा अपघात होता. माणसं वाचली आणि दिग्दर्शकाने ती फीत सिनेमातच ठेवून दिली. टिम बर्टनचा ‘मार्स अटॅक्स!’ वेळ असेल तर बघा. करमणूक होते, पण करोडो डॉलर ओतून केलेली गरिबीची टिंगल मला कायम थोडी खटकते.

पायरी २: एकच कमतरता निवडा

विडंबनात सगळं वाईट करायचा मोह होतो: कॅमेराही वाईट, अभिनयही, संकलनही, आवाजही. मग प्रेक्षकाला कशावर हसायचं तेच कळत नाही. तुमच्या काल्पनिक निर्मात्याकडे नेमकं काय नव्हतं ते ठरवा. राक्षस अर्धाच तयार झाला? मुख्य नट मध्येच निघून गेला? ध्वनिफीत हरवली? ‘द क्रीपिंग टेरर’मध्ये शेवटच्या गोष्टीची झलक दिसते. पात्रं तोंडं हलवत राहतात आणि एक निवेदक ती काय बोलतायत ते सांगत बसतो. (त्यातला राक्षस गालिच्यासारखा दिसतो आणि बळींना स्वतःहून रांगत त्याच्या तोंडात शिरावं लागतं. तेही बघून घ्या.)

एक कमतरता धरली की बाकीची मंडळी ती झाकण्यासाठी काय काय करतील हे आपोआप सुचतं, आणि तीच तुमची पटकथा. पहिल्याच फिल्मला राक्षसाची कमतरता घ्या. करायला सोपी, दिसायला मजेशीर.

पायरी ३: नाव आणि पोस्टर पटकथेच्या आधी

असले स्वस्त सिनेमे काढणाऱ्या अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या कंपनीचे निकल्सन आणि आर्कॉफ बऱ्याचदा असंच करायचे. आधी नाव, मग पोस्टर, ते बघून थिएटरवाल्यांनी होकार दिला की मग पटकथा. परिणामी पोस्टरवर जे दिसायचं ते सिनेमात सापडेलच याची खात्री नसायची. तुम्हीही पोस्टर आधी काढा आणि त्यावर तुम्हाला झेपणार नाही असं काहीतरी छापा: जळतं शहर, पळणारा जमाव, राक्षसाच्या मुठीत रेल्वे. फिल्ममध्ये सहा माणसं आणि एक टेकडी असेल. जमावाबद्दल एखादं पात्र फोनवर ऐकेल आणि फोन ठेवताना म्हणेल, ‘संपूर्ण शहर पळत सुटलं आहे.’ संपलं.

पायरी ४: संवाद

इथे वेळ घाला. बाकी सगळं ढासळलं तरी संवाद फिल्म तारून नेतात.

या सिनेमांतली भाषा विलक्षण घट्ट असते. माणसं माहिती देण्यासाठीच जन्मलेली. मराठीत तिचा समांतर स्वर आपल्याकडे तयार आहे: जुन्या पाठ्यपुस्तकातली आणि आकाशवाणीच्या बातमीपत्रातली मराठी. पूर्ण वाक्यं, ‘आहे’ला ‘आहे’च, हाक मारताना ‘डॉक्टर’ किंवा ‘कुमारी’. नमुना बघा.

डॉक्टर: कुमारी लीला, हा दगड पृथ्वीवरचा नाही.
लीला: म्हणजे डॉक्टर, हा दगड पृथ्वीच्या बाहेरून आला आहे?
डॉक्टर: होय. ज्या ठिकाणाला आपण पृथ्वी म्हणतो, त्या ठिकाणाच्या बाहेरून.
लीला: परंतु बाबा म्हणत असत, की दगड बाहेरून येत नाहीत.
डॉक्टर: तुमचे वडील भूगर्भशास्त्रज्ञ होते, कुमारी लीला. आणि भूगर्भ आत असतो.

शेवटच्या वाक्यावर हसू येतं ते डॉक्टरला ते खरोखर सखोल वाटतं म्हणून. त्याने ते खिडकीबाहेर बघत, थोडं थांबून म्हणावं. लीलाने मान डोलवावी, कारण तिलाही पटलंय. याच जागी लीलाने ‘काय डॉक्टर, भारीच की!’ म्हटलं तर खेळ खलास. प्रेक्षकाच्या वाटचं हसू पात्राने हसून घ्यायचं नसतं.

दोन युक्त्या पुन्हा पुन्हा वापरता येतात. एक, आधीच कळलेली गोष्ट दुसऱ्या पात्राने प्रश्न म्हणून परत विचारायची. दुसरी, गरज नसलेली अचूकता: ‘राक्षस कुठे आहे?’ ‘टेकडीच्या त्या बाजूला, जी बाजू आपण पाहू शकत नाही.’ श्लेष, राजकीय टोमणे आणि आजच्या मीमचे संदर्भ मात्र काढून टाका. १९५० च्या दशकातल्या शास्त्रज्ञाच्या तोंडी रील आणि इन्फ्लुएन्सर आले की तो काळ हातातून निसटतो.

कथानकाची फार चिंता नको. काहीतरी पडतं, कुणालातरी सापडतं, कुणी विश्वास ठेवत नाही, कुणीतरी मरतं, विज्ञान एक चमत्कारिक उपाय काढतं. उपाय पहिल्या दोन मिनिटांत एकदा दाखवून ठेवा, म्हणजे मीठ किंवा ताक किंवा हार्मोनियम, आणि सगळ्यांनी तो शेवटपर्यंत विसरून जावा.

पायरी ५: राक्षस

दिग्दर्शक रॉजर कॉर्मन सिनेमात येण्याआधी इंजिनिअर झालेला. १९५६च्या ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’मधला राक्षस शुक्रावरून येतो. तिथलं गुरुत्वाकर्षण जास्त असं धरून, तिथला प्राणी बुटका आणि पसरट असणार, हा हिशेब करून राक्षस तसाच बुटका बनवला गेला. नायिका बेव्हर्ली गार्लंड सेटवर आली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि ‘जग जिंकणारा तो तू?’ म्हणून तिने त्याला लाथ घातली. हा किस्सा कॉर्मन स्वतः सांगायचा. मग राक्षसाची उंची वाढवावी लागली.

तुमच्या राक्षसामागेही असाच एक प्रामाणिक, चुकीच्या जागी पोहोचलेला विचार हवा. उदाहरणार्थ, अंधाऱ्या ग्रहावरून आलाय म्हणून डोळे प्रचंड, आणि डोळे प्रचंड म्हणून पापण्या हाताने उघडाव्या लागतात. एवढं ठरलं की बनवायला बसा.

सांगाड्यासाठी फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा आणि बांबूच्या काड्या. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि नाहीतरी कॅमेऱ्यात तो ओळखू येतो. कातडीसाठी गोणपाट किंवा जुनी घोंगडी. त्यावर फेव्हिकॉलमध्ये बुडवलेले टिश्यू पेपर चुरगाळून चिकटवा, वाळले की छान सुरकुत्या येतात. फिल्म कृष्णधवल असल्याने रंगाची फिकीर नाही, उजेड-अंधाराची आहे. उंचवट्यांवर फिकट राखाडी, खाचांत काळं. डोळ्यांना डावाच्या वाट्या उलट्या लावून बघा, दिव्याचं प्रतिबिंब पडतं.

आतल्या माणसाचा विचार आधी करा. तोंडाशी आणि पाठीवर हवेला मोठी भोकं, दर दहा मिनिटांनी डोकं बाहेर, पाण्याची बाटली, आणि चालताना हाताशी एक साथीदार, कारण आतून फार काही दिसत नाही. उघड्या ज्योतीच्या आसपास हा पोशाख नेऊच नका.

पोशाखाची चेन मुद्दाम दाखवायची नाही. हे सगळ्यांनाच सुचतं आणि तिथेच चुकतं. मूळ मंडळींनी चेन जिवापाड लपवली होती. तुम्हीही लपवा, राक्षसाला कायम कॅमेऱ्याकडे तोंड करून चालायला लावा, अगदी मागे पळताना सुद्धा. विनोद त्या उलट्या चालीत आहे.

पायरी ६: जागा

लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधली ब्रॉन्सन कॅन्यन ही या सिनेमांची पंढरी. ती मुळात दगडाची खाण. नंतर ओसाड कडे आणि एक बोगदा उरला, आणि तो बोगदा मंगळापासून बॅटमॅनच्या गुहेपर्यंत काहीही झाला. ‘रोबॉट मॉन्स्टर’ची गुहा तिथलीच, आणि ब्लॅमायरही मुद्दाम तिथेच गेला.

बंद पडलेल्या दगडखाणी आपल्याकडे गावोगाव आहेत आणि कातळाचा पोत असा की वेगळा सेट नको. मालकाची किंवा ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घ्या. वनखात्याची हद्द असेल तर त्यांची. पाणी साठलेल्या खाणीच्या काठावर चित्रीकरण करू नका, पावसाळ्यात तर नाहीच. घरातले प्रसंग एका भिंतीपुढे: पडदा, टेबल, काळा फोन, भिंतीवर नकाशा. ‘प्लॅन नाईन’मध्ये विमानाचा कॉकपिट सुद्धा जवळपास एवढ्यावरच भागलाय.

पायरी ७: कॅमेरा

फोन ४:३ चौकटीवर, सेकंदाला २४ फ्रेमवर, शटर १/५० सेकंदावर लावा. आपल्या विजेच्या दिव्यांखाली याने लुकलुक येत नाही. एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि फोकस कुलूपबंद. ट्रायपॉड छातीच्या उंचीला. हातात धरून नाही, झूम नाही, ड्रोन तर मुळीच नाही. त्या काळी वेळ वाचवायला एकाच लांब शॉटमध्ये चार माणसं ओळीत उभी करून संपूर्ण प्रसंग उरकत. तेच करा. माणसं अर्धवर्तुळात, सगळी कॅमेऱ्याकडे तोंड करून, एकमेकांशी बोलताहेत असा आव आणून.

चित्रण रंगीत करा, रंग नंतर काढा. संकलनात लाल चॅनेल वाढवलात तर निळं आकाश गडद होतं आणि चेहरे उजळतात. कपडे निवडताना लक्षात घ्या की मध्यम लाल आणि मध्यम हिरवा कृष्णधवलमध्ये एकाच राखाडीत जातात. साडी आणि मागचं झाड एक होऊन जाईल. आधी फोनवर एक फोटो काढून रंग उतरवून बघा.

रात्र दिवसाच चित्रित करा: सूर्य नटांच्या पाठीमागे, आकाश चौकटीबाहेर, एक्स्पोजर दोन पायऱ्या (स्टॉप) खाली. आणि मग त्याच पाठलागात एक शॉट लख्ख उन्हातला घाला. एकच. ‘प्लॅन नाईन’मध्ये रात्र आणि दिवस असेच एकमेकांच्या पायात येतात.

फिल्मवर ओरखडे, धूळ, थरथर घालणारे फिल्टर नकोत. हे सिनेमे थिएटरात लागले तेव्हा कोरे होते. ओरखडे नंतरच्या झिजलेल्या प्रतींवरचे.

पायरी ८: नटांना काय सांगायचं

‘वाईट अभिनय करा’ असं कधीही सांगू नका. ‘तुम्हाला मिळालेली ही पहिली मोठी भूमिका आहे, घरचे सगळे बघायला येणार आहेत’ असं सांगा. ‘एअरप्लेन!’ या विडंबनपटाच्या मंडळींनी लेस्ली निल्सनला घेतलं ते तो तोवर गंभीर नट म्हणून ओळखला जात होता म्हणून. १९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’मध्ये तो यानाचा कमांडर होता. त्याच चेहऱ्याने, त्याच आवाजात त्याने मूर्खपणाची वाक्यं म्हटली. एकांकिका स्पर्धांत मुरलेला, उच्चार स्वच्छ असलेला नट इथे सोनं आहे. ग्रुपमधला ‘विनोदी’ म्हणून प्रसिद्ध असलेला मित्र राक्षसाच्या आत घाला.

वाक्यांच्या मध्ये अर्धा सेकंद जास्त थांबायला लावा. तालमी हसून संपेपर्यंत करा. सेटवर कुणाला हसू येता कामा नये.

पायरी ९: आवाज, जुनी फीत, जुळणी

सगळे संवाद नंतर खोलीत, पांघरुणाखाली ध्वनिमुद्रित करा. ओठ आणि आवाज दोन-तीन ठिकाणीच चुकवा, सतत चुकवलं तर लोक त्याला सरावतात. संगीताला थेरेमिनचा, म्हणजे हात न लावता वाजवायच्या विजेवरच्या वाद्याचा, हुंदका हवाच. १९५१च्या ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’मध्ये बर्नार्ड हरमनने दोन थेरेमिन वापरले आणि पुढे परग्रह म्हटला की तोच आवाज आला. फोनवर थेरेमिनची ॲप मिळतात. एक किंकाळी मुद्रित करा आणि सगळ्या बळींना तीच द्या, पुरुषांनाही.

जुन्या फितींचे तुकडे घालायचे तर इंटरनेट अर्काइव्हवरचा प्रेलिंगर संग्रह धुंडाळा, अमेरिकेतल्या शैक्षणिक आणि औद्योगिक फिल्मांचा खजिना आहे. प्रत्येक फितीचा परवाना मात्र तपासा. नासाच्या बहुतेक फिती मोकळ्या असतात. टकरने ‘वन मिलियन बी.सी.’मधल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या झुंजीची फीत आपल्या सिनेमात कुठलंही कारण न देता घुसवली होती. कारण न देणं महत्त्वाचं आहे. तुमच्या नायकाने फक्त म्हणावं, ‘तिकडे बघू नका, लीला.’

जुळणीत दहा मिनिटांचं आठ करा. राक्षस पूर्ण दिसण्याआधी निदान तीन मिनिटं जाऊ द्या, आणि एकदा दिसला की लगेच काढून घ्या.

पायरी १०: दाखवून बघा

ज्यांनी असले सिनेमे कधी पाहिले नाहीत अशा चार-पाच जणांना दाखवा. तुम्ही मागे बसा आणि पडद्याऐवजी त्यांच्याकडे बघा. मूळ सिनेमे माहीत असल्याशिवाय कळत नाही असा एखादा विनोद असेल तर राहू द्या, तीन असतील तर दोन कापा. नट हसू दाबताना जिथे दिसतो ती प्रत्येक फ्रेम उडवा, मग वाक्य कितीही चांगलं असो. आणि शेवटच्या पाटीवर ‘समाप्त’नंतर प्रश्नचिन्ह घालायचं असेल, ‘द ब्लॉब’ने १९५८ मध्ये घातलं तसं, तर तेही गंभीरपणे, संगीत चढवून, दुसऱ्या भागाचे पैसे जमलेत अशा थाटात.